विगोर्सचा शिंजीर: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

दापोली तालुक्यात आमचं घर आहे, मागे हापूसची चाळीसेक कलमं आणि कलमांच्या वर गडग्यापलीकडे रान. हिवाळ्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, शनिवारी शाळेतली मुलं येतात, आणि त्यांना घेऊन मी सकाळी पक्षी दाखवायला निघतो. पाखरू हातभर अंतरावर आलं की प्रश्नांची फैर सुरू होते, आणि दहा वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. क्रम प्रश्न जसे येतात तसाच आहे.

हा पक्षी नेमका कोणता?

शिंजीर. बरेच जण सूर्यपक्षी म्हणतात, तेही चालतं. कोकणात शिंजिरांच्या चार-पाच जाती सहज दिसतात. त्यातला हा एक, विगोर्सचा शिंजीर. जगात फक्त सह्याद्रीच्या रांगेत आणि तिच्या पायथ्याच्या रानांत राहतो. मुख्य मुक्काम महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या घाटात, दक्षिणेकडे निलगिरीपर्यंत. पाहुणे थायलंडला गेले किंवा हिमालयात गेले तरी हा तिथे भेटणार नाही. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

घराजवळच्या इतर शिंजिरांतून तो वेगळा कसा काढायचा?

आधी नर बघा. मादीवरून सुरुवात केलीत तर डोकं फिरेल.

विगोर्सच्या नराचा गळा आणि छाती लालभडक, आणि त्या लालावर पिवळ्या बारीक रेघा. पाठ गडद लाल, डोक्यावर धातूसारखी चमक, चोचीच्या बुडापासून खाली उतरणारी निळी-जांभळी मिशी. पोट मात्र राखाडी, अगदी साधं. उडताना कंबरेवरचा पिवळा ठिपका चमकून जातो. लांबी साधारण वीतभराहून कमी, पण शिंजिरांत हा दांडगाच म्हणायचा.

अंगणातल्या जास्वंदीवर रोज येतो तो बहुधा पंचरंगी शिंजीर. त्याचं पोट पिवळं आणि कुशी पांढरट. ऊन पडलं की निळा-काळा झळाळणारा, एरवी कोळशासारखा दिसतो तो जांभळा शिंजीर. तसाच, पण चोच वाजवीपेक्षा लांब आणि बाकदार असेल तर लोटेनचा शिंजीर.

खरी गल्लत होते ती लाल पाठीच्या छोट्या शिंजिराशी. त्याचीही पाठ लाल, छातीवरही लाल पट्टा, आणि तोही सह्याद्रीबाहेर कुठे सापडत नाही. पण त्याचं पोट पिवळं असतं आणि आकार पार चिमुकला, वजन चमचाभर साखरेएवढं. तेव्हा लाल पक्षी दिसला की नजर पोटावर न्यायची. राखाडी असेल तर विगोर्सचा, पिवळं असेल तर छोटा.

माद्यांचं काय, असं मुलं हटकून विचारतात. छोट्या शिंजिराच्या मादीच्या कंबरेवर लाल झाक असते, तेवढी खूण पक्की. विगोर्सची मादी हिरवट-राखाडी, नाव घेण्यासारखी एकही खूण नाही. नर शेजारी येईपर्यंत मी तोंड उघडत नाही.

विगोर्स कोण?

निकोलस आयल्वर्ड विगोर्स, आयर्लंडचा प्राणिशास्त्रज्ञ, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचा पहिला सचिव. पक्ष्याला त्याचं नाव दिलं कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. साइक्स मुंबईच्या फौजेतले अधिकारी. सरकारने त्यांना दख्खनची शिरगणती, पिकं, हवामान असल्या माहितीच्या कामाला लावलं होतं, आणि त्या फिरस्तीत ते पक्षीही टिपत गेले. दख्खनमधल्या पक्ष्यांची त्यांची यादी लंडनला १८३२ साली छापली गेली. विगोर्सचा शिंजीर आणि लाल पाठीचा छोटा शिंजीर, दोघांची शास्त्रीय जन्मनोंद त्याच यादीतली. आपल्या घाटातले दोन्ही खास शिंजीर एकाच माणसाने एकाच वर्षी कागदावर आणले, याची मला अजून गंमत वाटते.

त्याच साइक्सने एका चंडोलाला ‘देवा’ आणि एका वटवट्याला ‘रामा’ अशी नावं दिली आहेत, ती आजही चालू आहेत. शिंजिराच्या वाट्याला मात्र सोसायटीचा सचिव आला. साहेबालाही वरच्या साहेबाचं मन राखावं लागत असणार.

वर्गीकरणात तो कुठे बसतो?

वरून खाली उतरू. गण पॅसेरिफॉर्मिस, म्हणजे फांदीवर नीट बसता येईल अशा पायांचे पक्षी. जगातल्या निम्म्याहून जास्त पक्षीजाती याच गणातल्या. त्यात उपगण पॅसेरी, म्हणजे गाणारे पक्षी. त्यात कुळ नेक्टारिनीडी, म्हणजे शिंजिरांचं घराणं. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत या घराण्यात १४० च्या वर जाती आहेत. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, एथोपायगा. जात विगोर्सी.

एथोपायगा हे ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव, अर्थ साधारण ‘आगीच्या रंगाची कंबर’. आपल्या पक्ष्याची कंबर पिवळी आहे. नावं ठेवणाऱ्यांना सगळेच पक्षी एकदम बघता येत नाहीत.

पुस्तकात जातीच्या नावापुढे ‘साइक्स, १८३२’ कंसात छापलेलं असतं, तो कंस चुकून पडलेला नाही. साइक्सने हा पक्षी सिनिरिस या प्रजातीत घातला होता. पुढे तो एथोपायगात गेला. जात तीच राहून प्रजाती बदलली की मूळ माणसाचं नाव कंसात जातं. लग्नानंतर माहेरचं आडनाव कंसात लिहितात ना, तसंच काहीसं.

आमच्या जुन्या पुस्तकात विगोर्सचा शिंजीर नाहीच. का?

कारण तेव्हा त्याला स्वतंत्र जात मानत नसत. विसाव्या शतकात बराच काळ तो किरमिजी शिंजिराची पोटजात म्हणून नांदत होता. किरमिजी शिंजीर म्हणजे एथोपायगा सिपाराजा, हिमालयाचा पायथा आणि ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला पक्षी. भारतातल्या जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना मिळून ‘यलोबॅक्ड सनबर्ड’, म्हणजे पिवळ्या पाठीचा शिंजीर म्हणत.

माझंही पहिलं पुस्तक तसलंच होतं, वडिलांच्या मित्रांनी दिलेलं. वहीत मी वर्षानुवर्षं पिवळ्या पाठीचा शिंजीरच लिहीत होतो. पुढे त्या वहीतल्या नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, चढवताना यादीत सिपाराजा दिसला, तो निवडला आणि मोकळा झालो. दोन दिवसांत नोंदी तपासणाऱ्यांचा निरोप आला की हा पक्षी कोकणात नसतो, कृपया पुन्हा पाहावे. मला आधी रागच आला. परसात रोज बसणारा पक्षी, आणि म्हणे नसतो! मग नव्या यादीत शोधलं, आणि सतरा नोंदी एकेक करून दुरुस्त केल्या.

मग खरं कोणतं? पोटजात की जात?

आज जात. वळण आलं २००५ साली, पामेला रासमुसेन आणि जॉन अँडर्टन यांच्या दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या दोन खंडी ग्रंथात. त्यांनी विगोर्सी वेगळा काढला. पुढे बाकीच्या जागतिक याद्यांनीही ते मान्य केलं.

कारणं डोळ्यांना दिसणारी आहेत. हिमालयाकडच्या किरमिजी नराच्या शेपटीची मधली पिसं लांब, सुळकीसारखी बाहेर आलेली असतात. आपल्याकडच्याला ती तशी नाहीत. आपल्याकडच्याच्या छातीवर पिवळ्या रेघा आहेत, त्याच्या छातीवर तशा नाहीत. अंगानेही आपला थोराड.

यात खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती समजली की वर्गीकरणातली निम्मी भांडणं समजतात. शाळेत शिकवतात की दोन प्राण्यांची आपसात संतती होऊन वंश पुढे चालत असेल तर जात एकच. सोयरीक जमते का ते बघा, एवढा सोपा नियम. पण सोयरीक जमते का हे बघायला दोघं आधी भेटायला हवेत. एक सह्याद्रीत, दुसरा हिमालयाच्या पायथ्याला, मध्ये अख्खं दख्खनचं पठार आणि गंगेचं मैदान. ते कधी भेटतच नाहीत. मग नियम लावायचा कुठे?

अशा वेळी फरक मोजावे लागतात. पक्ष्यांच्या जागतिक नोंदी ठेवणारी बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था २०१० साली मांडलेली एक गुणपद्धत वापरते. रंग, मापं, आवाज, सवयी यांतल्या फरकांना गुण द्यायचे. जवळच्या दोन जाती एकाच रानात राहूनही एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात साधारण किती फरक असतो ते आधी पाहून ठेवलेलं आहे. बेरीज ७ किंवा जास्त आली तर वेगळी जात. बोर्डाच्या परीक्षेसारखंच झालं हे, आणि टीकाही तशीच होते की गुणांवरून माणूस कळतो का. पण विगोर्सच्या बाबतीत फार ताणाताण झालेली नाही.

जात म्हणा की पोटजात म्हणा, पक्ष्याला काय फरक पडतो?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला होता, काठीवर हनुवटी टेकून. पक्ष्याला काहीच नाही. कागदाला पडतो, आणि संवर्धन कागदावरून चालतं.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची लाल यादी धोका ठरवते तो पक्ष्यांच्या बाबतीत जातीचा. विगोर्सी हा किरमिजी शिंजिराचा एक तुकडा होता तोवर त्याचं भवितव्य सुमात्रा-सिंगापूरपर्यंतच्या हिशेबात मिसळलेलं होतं. उद्या घाटातला शिंजीर निम्मा झाला असता तरी त्या मोठ्या बेरजेत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. स्वतंत्र जात झाल्यावर हिशेब वेगळा झाला. सात-बारा वेगळा झाला की बांध कुणी कोरला ते कळतं, तसं.

तो धोक्यात आहे का?

लाल यादीत तो ‘कमी चिंता’ या वर्गात आहे. लाल पाठीचा छोटा शिंजीरही त्याच वर्गात.

वरच्या वर्गांत जायला ठरलेले आकडे आहेत. ‘असुरक्षित’ ठरायला, उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातला जो काळ मोठा तो) संख्या ३० टक्के तरी घटायला हवी. किंवा प्रौढ पक्षी १०,००० पेक्षा कमी आणि तेही घटत असायला हवेत. किंवा पसारा २०,००० चौरस किलोमीटरच्या आत येऊन रान तुटत गेलेलं असायला हवं. विगोर्सचा शिंजीर यातल्या कशातही बसत नाही. त्याच्या एकूण संख्येची मोजणी कुणी केलेली नाही, तेव्हा कुणी छातीठोक आकडा सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

‘कमी चिंता’ म्हणजे सुखरूप ना?

नाही. त्याचा अर्थ, आज धोक्याच्या रेषेच्या अलीकडे. रेषा किती लांब आहे हे तो शब्द सांगत नाही.

भारतातल्या पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदी एकत्र करून २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात फक्त पश्चिम घाटात राहणाऱ्या ज्या १२ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांचा एकत्रित निर्देशांक २००० सालापासून जवळपास ७५ टक्क्यांनी उतरलेला दिसला. हा आकडा एकट्या शिंजिराचा नव्हे. पण घाटापुरत्याच राहणाऱ्यांची एकूण दशा त्यातून कळते. त्याच काळात मोर वाढले, चिमण्यांची संख्याही देशभराचा विचार करता बरीचशी टिकून आहे. सगळीकडे राहू शकणारे तगतात, एकाच डोंगराला धरून बसलेले गोत्यात येतात.

आपल्याकडे तो डोंगरही एका हाती नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात रानाचा फार मोठा भाग खासगी मालकीचा आहे. सामाईक सात-बारा, निम्मे वारस मुंबईला, आणि पैशांची नड पडली की रान ठेक्याने तोडायला जातं. मग मोकळ्या उतारावर काजू लागतो, खाली दोडामार्गाकडे रबर. काजूवर मी टीका करणार नाही, माझ्या बहिणीचं घर त्यावर चालतं. पण काजूच्या एकसुरी बागेत पांगारा, काटेसावर, धायटी, मुरुडशेंग हे काही उरत नाही, आणि शिंजिराचं वर्षाचं वेळापत्रक या फुलांवर बसवलेलं असतं. पावसाळ्यात मुरुडशेंग, थंडीत धायटी, पुढे काटेसावर आणि पांगारा. मधलं एक पान फाटलं तरी त्याला दुसरीकडे जावं लागतं.

कायद्याचं संरक्षण आहे?

आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पक्षी मारणं तर येतंच, अंड्यांची नासधूस करणं आणि घरट्याला त्रास देणंही येतं. बेचकी घेऊन हिंडणाऱ्या पोरांना मी एवढंच वाक्य सांगतो. आईबापांना जास्त सविस्तर सांगतो.

हा आपला हमिंगबर्ड का?

नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात आणि नात्याने ते पाकोळ्यांच्या जवळचे. दोघांनी मध पिण्याचा एकच धंदा पत्करला म्हणून चोची सारख्या झाल्या. शिंजीर क्षणभर हवेत थरथरतो, पण शक्यतो फांदीवर बसूनच पितो.

कोकणात कुठे बघायला मिळेल?

ओल्या रानाच्या कडेला. आंबोली सर्वांत खात्रीची. पनवेलजवळचं कर्नाळा, मुरूड-रोह्यामधलं फणसाड, आणि मुंबईकरांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पावसाळा सरला की किनाऱ्याजवळच्या टेकड्यांवरही उतरतो. देवराया विसरू नका, तिथे जुनी झाडं आहेत. फक्त चपला बाहेर काढायची रीत असेल तर काढा, आणि आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावू नका.

कलमांवरचं बांडगूळ काढायचं की ठेवायचं?

बागायतदारांचा हाच खरा प्रश्न, बाकीचे चहाबरोबरचे.

बांडगूळ अर्धं परोपजीवी. पानं हिरवी, त्यामुळे अन्न स्वतः करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. वाढलं की पुढची फांदी वाळते. ते काढू नका असं मी कुणाला सांगितलं तर उद्यापासून माझ्याशी कोणी बोलणार नाही, आणि बरोबरच आहे ते.

पण आधी एकदा फुलाकडे बघा. केशरी-लाल, नळीसारखी कळी. पिकली तरी आपणहून पटकन उघडत नाही. शिंजीर चोचीने तिचं टोक चिमटतो, कळी फट्‌कन उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतो. मग तेच कपाळ घेऊन तो पुढच्या फुलात. फळ धरलं की पाळी फुलटोच्या या दुसऱ्या पक्ष्याची. तो ते खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. म्हणजे एक भटजी आणि एक सुईण. कोकणातल्या बांडगुळाचा हा सगळा व्यवहार सालिम अलींनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडला होता. तेव्हाही प्रश्न आंब्याचाच होता.

माझ्या बागेत मी असं करतो: उत्पन्नाच्या कलमांवरचं बांडगूळ फळं पिकायच्या आत, बुडाखालची फांदी धरून छाटतो. नुसतं वरवर ओरबाडलं तर परत फुटतं. गडग्यापलीकडच्या रायवळ आंब्यावरचं ठेवतो. शेजारी म्हणतात, “अहो, घरात चोर पाळताय तुम्ही.” असेल. पण पौषात त्या रायवळावर विगोर्सचे नर एकमेकांचा पाठलाग करतात, तेव्हा हेच शेजारी पाहुण्यांना घेऊन गडग्यापाशी उभे असतात.

फवारणीचं काय?

मोहोरावर तुडतुडे आले की फवारावंच लागतं. शिंजीर मध पितो खरा, पण पिल्लांना भरवतो ते किडे आणि कोळी. सरसकट ठरलेल्या तारखेला पंप चालू करण्याऐवजी आधी मोहोर हलवून तुडतुडे मोजा, गरज असेल तिथेच मारा. औषधाचा खर्च वाचतो, ही बाजू मांडली की लोक जास्त लक्षपूर्वक ऐकतात.

साखरेचं पाणी टांगून ठेवलं तर?

नको. कोकणच्या दमट हवेत एका दिवसात आंबतं, मुंग्या लागतात. त्यापेक्षा कुंपणाला जास्वंद लावा आणि परसातली केळ ठेवा. केळफुलावर शिंजीर उलटा लटकून पितो, ते बघायला फीडरपेक्षा बरं.

मी बघितलेल्या पक्ष्याची नोंद कशी करू?

ई-बर्डवर. दिसले तेवढे सगळे पक्षी लिहा, फक्त दुर्मीळ नकोत. कावळाही लिहा. शून्य शिंजीर दिसले तर बाकीची पूर्ण यादी द्या, कारण ‘इथे दिसला नाही’ हीसुद्धा माहिती त्यातूनच निघते. फोटो असेल तर पोट दिसेल असा. आणि निरोप आला तर माझ्यासारखं रागावू नका.

पडवीतल्या विजेच्या तारेला शिंजिराने घरटं बांधलंय. दिवा लावायचा का?

असं घरटं बहुधा पंचरंगीचं असतं, विगोर्सचा इतका घरात शिरत नाही. कोळ्याच्या जाळ्याने विणलेली लोंबती थैली, बाजूला दार, दारावर छोटी पडवी. बाहेर सालींचे आणि किड्यांच्या विष्ठेचे तुकडे डकवलेले, त्यामुळे कचरा अडकल्यासारखाच दिसतो आणि झाडूने निघून जातो. झाडणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. अंडी दोन. ती उबवायला दोनेक आठवडे आणि पिल्लं उडायला साधारण तेवढेच, म्हणजे महिनाभराची गोष्ट. तेवढे दिवस त्या खांबावरचा दिवा बंद ठेवून दाराकडचा लावा. आमच्याकडे गेल्या वर्षी आईने पडवीतला झोपाळा काढून माजघरात टांगला होता. पिल्लं उडाली, पावसाळा लागला, झोपाळा अजून माजघरातच आहे.